एक्स्टर्नल ड्राइव्हवर बॅकअप अडतोय? दुरुस्ती या क्रमानं करा

एक्स्टर्नल ड्राइव्हवरचा बॅकअप मध्येच बंद पडला की बहुतेक जण लगेच सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकतात. त्यानं जमलं नाही तर ड्राइव्ह फॉरमॅट करतात, आणि तरीही जमलं नाही तर फोल्डर हातानं ओढून टाकतात. यातली फॉरमॅटची पायरी सगळ्यांत घातक. दोष ड्राइव्हमध्ये आहे की केबलमध्ये हे तोवर कोणी पाहिलेलंच नसतं, आणि जुना चांगला बॅकअप मात्र पुसला जातो. नेमकी तेव्हाच कॉम्प्युटरची आतली डिस्क गेली तर हातात काहीही उरत नाही.

हा लेख विंडोज आणि मॅक दोन्हींसाठी आहे. टप्पे दिलेल्या क्रमानंच करा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलानंतर बॅकअप पुन्हा चालवून बघा. केबल आणि सेटिंग एकदम बदलली आणि बॅकअप सुरू झाला, तर नेमका कशामुळे झाला हे कळत नाही. मग तोच बिघाड महिन्याभरानं परत येतो आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

## आधीची तयारी

स्क्रीनवर चुकीचा जो संदेश येतो त्याचा फोनवर फोटो काढा. सोबत दोन गोष्टी लिहून ठेवा: बॅकअप किती वेळानं थांबला, आणि तोपर्यंत किती जीबी गेले होते. तीन वेळा चालवून तिन्ही वेळा एकाच फाइलवर थांबतो, की दर वेळी वेगळ्या ठिकाणी? या एका प्रश्नाच्या उत्तरावर पुढची अर्धी वाट ठरते.

एक जादा डेटा केबल हाताशी ठेवा. ती फक्त चार्जिंगची नको. लॅपटॉप चार्जरला लावा आणि स्लीप तात्पुरतं बंद करा. झाकण मिटलं की बहुतेक लॅपटॉप झोपी जातात आणि बॅकअप तिथेच तुटतो.

वेळेचा अंदाज आधीच बांधा, कारण बॅकअप 'अडकला' म्हणून लोक जो मध्येच तोडतात तो पुष्कळदा नीट चाललेला असतो. जुन्या यूएसबी २.० पोर्टवर प्रत्यक्षात सेकंदाला ३० ते ४० एमबी जातात, म्हणजे ५०० जीबीला साधारण चार तास. यूएसबी ३.० वर फिरत्या तबकडीच्या डिस्कला सेकंदाला १०० एमबीच्या आसपास वेग मिळतो. तेवढ्याच डेटाला दीड तास पुरतो. हे हिशेब मोठ्या फाइल्सचे. हजारो बारीक फाइल्स असतील तर कितीतरी जास्त वेळ लागतो. शिवाय आजच्या अनेक छोट्या पोर्टेबल ड्राइव्हमध्ये डेटाचे पट्टे एकमेकांवर किंचित चढवून लिहिलेले असतात. अशा ड्राइव्हवर सलग बरंच लिहिलं की वेग एकदम पडतो आणि काही वेळानं सावरतो. तो बिघाड नव्हे.

तपासणी: कॉम्प्युटर किंवा ड्राइव्ह बिटलॉकर या विंडोजच्या सोयीनं कुलूपबंद असेल, तर ४८ अंकांची रिकव्हरी की कुठे आहे ते आत्ताच बघा. ती त्याच कॉम्प्युटरवर किंवा त्याच ड्राइव्हवर ठेवलेली असेल तर ऐन वेळी तिचा उपयोग नाही.

## टप्पा १: जे आहे ते आधी वाचवा

स्वतःला एक प्रश्न विचारा: या एक्स्टर्नल ड्राइव्हवर असं काही आहे का, जे दुसरीकडे कुठेच नाही?

बहुतेकांच्या ड्राइव्हवर असतं. लॅपटॉप भरला म्हणून जुने फोटो कट करून ड्राइव्हवर पेस्ट केलेले असतात आणि घरात सगळे त्याला बॅकअप म्हणतात. ते फक्त सामान हलवणं झालं. प्रत आधीही एकच होती, आताही एकच आहे, आणि आता ती सहज पडू शकेल अशा डबीत आहे. असा डेटा असेल तर दुरुस्ती बाजूला ठेवा आणि आधी तो दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. पुढचं सगळं त्यानंतर.

इशारा: ड्राइव्ह लावल्यावर 'वापरण्याआधी फॉरमॅट करावं लागेल' असा चौकोन आला तर 'कॅन्सल' दाबा. मॅकच्या फॉरमॅटमधला ड्राइव्ह विंडोजला लावला तरी हाच चौकोन येऊ शकतो, आणि ड्राइव्ह तेव्हा ठणठणीत असतो.

इशारा: ड्राइव्हमधून ठरावीक अंतरानं 'टक्, टक्' असा आवाज येत असेल तर पोर्ट आणि केबल एकदा बदलून बघा. तरीही आवाज आला तर ड्राइव्ह काढून ठेवा. आत गरजेचा डेटा असेल तर पुन्हा चालू करू नका, डेटा रिकव्हरीचं काम करणाऱ्याकडे द्या. प्रत्येक वेळी चालू करताना आतल्या तबकडीवर आणखी ओरखडे पडण्याचा धोका असतो.

## टप्पा २: तक्रार नेमकी कोणती ते ठरवा

- ड्राइव्ह दिसतच नाही, किंवा दिसतो आणि मध्येच गायब होतो: टप्पा ३.
- दर वेळी एकाच फाइलवर थांबतो: टप्पा ४, मग ६.
- जागा नाही म्हणतो, किंवा फक्त मोठ्या फाइल्सवर अडतो: टप्पा ५.
- 'पूर्ण झाला' म्हणतो, पण फाइल्स सापडत नाहीत: टप्पा ६.
- आपोआप सुरूच होत नाही: टप्पा ७.

टप्पा ८ मात्र सगळ्यांसाठी आहे.

## टप्पा ३: केबल, पोर्ट आणि वीज

दर वेळी वेगळ्या ठिकाणी तुटणारा बॅकअप मी जेव्हा जेव्हा पाहिला, तेव्हा दोष बहुतेक करून इथेच निघाला. एका नातेवाइकांच्या घरी दोन आठवडे रोज बॅकअप तुटत होता आणि रोज सॉफ्टवेअर बदललं जात होतं. मी नुसता शेजारी बसून राहिलो. चाळीसेक मिनिटांनी कोणी टेबलावर कोपर टेकलं, विंडोजचा उपकरण सुटल्याचा आवाज आला, आणि लगेच जोडल्याचा. ड्राइव्हकडच्या बाजूचं ते रुंद, चपटं, दोन भागांचं टोक इतकं सैल झालं होतं की बोटानं हलवलं तरी दिवा विझत होता. नवी केबल लावली आणि त्याच रात्री पूर्ण बॅकअप झाला.

म्हणून या क्रमानं जा:

1. हब, डॉक, एक्स्टेन्शन केबल सगळं काढा. ड्राइव्ह थेट कॉम्प्युटरला लावा.
2. टॉवर असेल तर पुढचे पोर्ट सोडून मागचे वापरा. ते मदरबोर्डवरच असतात. पुढचे पोर्ट आतल्या एका वेगळ्या केबलनं जोडलेले असतात आणि तिथे गडबड जास्त होते.
3. केबल बदला. त्या रुंद टोकाच्या खाचेत जुन्या फोनची साधी मायक्रो यूएसबी केबलही अर्ध्या भागात बसते आणि ड्राइव्ह चालतोही, पण यूएसबी २.० च्या वेगानं. 'पूर्वी एवढा वेळ लागत नव्हता' या तक्रारीचं कारण कधीकधी एवढंच असतं.
4. विजेचा विचार करा. छोटे, अडीच इंची ड्राइव्ह पोर्टमधूनच वीज घेतात. नियमानुसार यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो आणि यूएसबी ३.० पोर्ट ९००. तबकडी फिरायला सुरुवात होताना ओढ सगळ्यांत जास्त असते. वीज कमी पडली की ड्राइव्ह चालू-बंद होत राहतो. स्वतःचा अडॅप्टर नसलेल्या हबवर दोन ड्राइव्ह लावले की हे हमखास होतं. साडेतीन इंची मोठ्या ड्राइव्हला स्वतःचा अडॅप्टर असतो. तो त्याचाच आहे ना, हे बघा.

दिवा लागतो पण ड्राइव्ह फाइल एक्स्प्लोररमध्ये दिसत नाही, तर स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. ड्राइव्ह तिथे दिसतो पण त्याला अक्षर नाही, तर राइट क्लिक करून अक्षर द्या, काम झालं. 'रॉ' किंवा 'अनअलोकेटेड' लिहिलेलं दिसलं आणि ड्राइव्हवर आधी डेटा होता, तर तिथे काहीही दाबू नका. टप्पा १ कडे परत जा.

तपासणी: केबल किंवा पोर्ट बदलल्यावर आधी २० जीबीचा एक फोल्डर साध्या कॉपीनं पाठवून बघा. तोही तुटत असेल तर बॅकअप सॉफ्टवेअरचा काही संबंध नाही, पुढे जाऊ नका.

## टप्पा ४: डिस्कची तब्येत

इथे दोन्ही डिस्क तपासायच्या, बाहेरचीही आणि आतलीही. आतली कोणी तपासतच नाही, आणि ही फार महागात पडणारी चूक आहे.

विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर चालवा. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते ती ते दाखवतं. फिरत्या डिस्कसाठी चार ओळी पुरेत. ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेले सेक्टर, म्हणजे डिस्कवर डेटा साठवायचे बारीक तुकडे. सी५ म्हणजे वाचता न आल्यामुळे लटकलेले. सी६ म्हणजे दुरुस्तच न झालेले. सी७ मध्ये डिस्कच्या जोडणीतल्या, म्हणजे केबलीतल्या चुका मोजल्या जातात. पहिल्या तिन्ही ओळींच्या शेवटच्या रकान्यात सगळी शून्यं हवीत. सी५ किंवा सी६ मध्ये शून्याशिवाय काहीही असेल तर त्या डिस्कवर नवा बॅकअप घेण्यात अर्थ नाही, डिस्क बदला. ०५ मध्ये छोटा आकडा असेल तर तो लिहून ठेवा आणि आठवड्यानं पुन्हा बघा. वाढत असेल तर डिस्क जाते आहे. काही एक्स्टर्नल डब्या ही माहिती बाहेर येऊ देत नाहीत. मॅकच्या डिस्क युटिलिटीतही बहुतेक एक्स्टर्नल ड्राइव्हची ही नोंद दिसत नाही.

नोंद स्वच्छ असेल तरच फाइल सिस्टिम, म्हणजे ड्राइव्हवरची फाइल्सची मांडणी, तपासा. विंडोजवर ड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, टूल्स, चेक. मॅकवर डिस्क युटिलिटीतलं फर्स्ट एड.

इशारा: सेक्टर खराब होत असलेल्या डिस्कवर ही दुरुस्ती चालवू नका. तासन्‌तास चालणाऱ्या त्या वाचनानं डिस्क पुरती बसू शकते, आणि दुरुस्तीच्या नादात अर्धवट फाइल्स कापल्या जातात. आधी कॉपी, मग दुरुस्ती.

आता एकाच फाइलवर थांबणाऱ्या बॅकअपकडे या. ती फाइल बॅकअप सॉफ्टवेअरशिवाय, साध्या कॉपीनं कॉम्प्युटरवरच दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकून बघा. तिथेही कॉपी अडली किंवा वाचण्याची चूक आली, तर एक्स्टर्नल ड्राइव्ह निर्दोष असण्याची दाट शक्यता आहे. खराब होतेय ती कॉम्प्युटरची आतली डिस्क. मग पूर्ण बॅकअपचा हट्ट सोडा. त्याच दिवशी कागदपत्रं आणि फोटो, म्हणजे जे पुन्हा मिळणार नाही ते, हातानं कॉपी करा. सिनेमे आणि इन्स्टॉलर शेवटी.

## टप्पा ५: फॉरमॅट आणि जागा

फॅट३२ फॉरमॅटमध्ये एक फाइल ४ जीबीपर्यंतच जाऊ शकते. ड्राइव्हवर ३०० जीबी मोकळे असतानाही 'फाइल फार मोठी आहे' असा संदेश येतो तो यामुळे. लांब व्हिडिओ आणि बॅकअपच्या एकसंध इमेज फाइल्स (पूर्ण डिस्कची एकाच फाइलमधली प्रत) इथेच अडतात.

फक्त विंडोजसाठी ड्राइव्ह असेल तर एनटीएफएस ठेवा. टाइम मशीन या मॅकच्या बॅकअप-सोयीसाठी आताच्या आवृत्त्यांत एपीएफएस. मॅक एनटीएफएस ड्राइव्ह वाचतो, पण आपणहून त्यावर लिहीत नाही. एक्सफॅट दोन्हीकडे चालतो म्हणून लोक तोच निवडतात. ने-आण करायला तो ठीक, बॅकअपसाठी मी तो वापरत नाही. लिहिताना ड्राइव्ह अचानक सुटला तर सावरायला लागणारी नोंदवही त्याच्याकडे नसते. शिवाय विंडोजवर ३२ जीबीपेक्षा मोठ्या ड्राइव्हला तो नेहमीच्या सेटिंगमध्ये १२८ केबीचे कप्पे करतो, म्हणजे एक केबीची चिठ्ठीसुद्धा १२८ केबी जागा अडवते. बारीक फाइल्स लाखभर असतील तर ड्राइव्ह वेळेआधीच भरतो.

इशारा: टाइम मशीनला दिलेला ड्राइव्ह योग्य फॉरमॅटमध्ये नसेल तर तो पुसायची परवानगी मागितली जाते. त्यावर काय आहे हे बघितल्याशिवाय 'हो' म्हणू नका.

१ टीबीचा ड्राइव्ह विंडोजवर ९३१ जीबी दिसतो. यात फसवणूक काही नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. पण जागेचा हिशेब ९३१ धरूनच करा आणि जेवढा डेटा आहे त्याच्या दुप्पट तरी जागा ठेवा, कारण बॅकअप फाइल्सच्या जुन्या आवृत्त्याही साठवतो.

विंडोजची फाइल हिस्टरी ही बॅकअपची सोय जुन्या आवृत्त्या मुळात 'कायमच्या' ठेवते, म्हणून ड्राइव्ह भरतो आणि बॅकअप गुपचूप थांबतो. अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये मुदत बदला आणि तिथल्याच 'क्लीन अप व्हर्जन्स' नं जागा करा. टाइम मशीन सगळ्यांत जुने बॅकअप आपणच काढतं.

इशारा: जागा करण्यासाठी बॅकअपच्या फोल्डरमध्ये शिरून हातानं फाइल्स डिलीट करू नका. सॉफ्टवेअरच्या यादीत त्या असतात आणि ड्राइव्हवर नसतात, आणि हे परत आणायच्या वेळीच कळतं.

## टप्पा ६: बॅकअपमध्ये नेमकं काय जातंय

'पूर्ण झाला' असा संदेश आला आणि ३०० जीबीचा बॅकअप दहा मिनिटांत उरकला, तर खूश होऊ नका. काहीतरी वगळलं गेलंय.

पहिला संशयित क्लाउड. विंडोजवर डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे फोल्डर पुष्कळदा वनड्राइव्हमध्ये हललेले असतात. फाइलच्या नावाशेजारी निळा ढग दिसला तर ती कॉम्प्युटरवर नाही, तिथे फक्त नावाची पाटी आहे. अशा फोल्डरवर राइट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा, सगळं उतरू द्या, हिरवी खूण येऊ द्या, मग बॅकअप चालवा. मॅकवर आयक्लाउडची 'ऑप्टिमाइझ मॅक स्टोरेज' ही सोय चालू असेल तर तसंच होतं.

दुसरा, फोल्डरची निवड. फाइल हिस्टरी ठरावीक फोल्डर आणि लायब्ररी, म्हणजे अनेक फोल्डर एकत्र दाखवणारे विंडोजचे गट, एवढंच घेते. डी ड्राइव्हवर तुम्ही स्वतः केलेला फोल्डर ती आपणहून घेत नाही. विंडोज ११ वर तो आधी एखाद्या लायब्ररीत सामील करावा लागतो. 'विंडोज बॅकअप' नावाचं नवं अ‍ॅप सगळं वनड्राइव्हवर पाठवतं, तुमच्या ड्राइव्हवर नाही. नावावर जाऊ नका.

तिसरा, लांब नावं, आणि मराठीत नावं देणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. विंडोजमधले अनेक प्रोग्रॅम फाइलचा पूर्ण पत्ता २६० चिन्हांपर्यंतच हाताळतात. देवनागरीत काना, मात्रा, उकार, अनुस्वार प्रत्येकी वेगळं चिन्ह मोजलं जातं. 'कुटुंबाचे जुने फोटो' यात डोळ्याला आठ अक्षरं दिसतात, कॉम्प्युटर मात्र मोकळ्या जागा धरून १९ चिन्हं मोजतो. अशी पाच-सहा नावं एकात एक गेली, वर बॅकअपनं स्वतःचं फोल्डर आणि तारीख जोडली, की मर्यादा ओलांडते आणि फाइल गपचूप सुटते. नावं मराठीतच ठेवा, फक्त फोल्डरची उतरंड कमी करा.

चौथा, उघड्या फाइल्स. आउटलुकची मेल-फाइल, हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा यांसारख्या फाइल्स वापरात असताना काही बॅकअप त्यांना हात लावत नाहीत. बॅकअपआधी ते प्रोग्रॅम बंद करा.

तपासणी: बॅकअप सॉफ्टवेअरची नोंद उघडा आणि 'वगळलेल्या' फाइल्सची यादी वाचा. शेवटची 'यशस्वी' ही ओळ पुरेशी नाही.

## टप्पा ७: आता सॉफ्टवेअर

इथवर सगळं ठीक असेल तरच सॉफ्टवेअरला हात लावा. ड्राइव्हचं अक्षर बदललं का बघा. काल ई होता तो आज एफ झाला की काही प्रोग्रॅमना ड्राइव्ह सापडत नाही. डिस्क मॅनेजमेंटमधून त्याला शेवटचं, झेडसारखं अक्षर द्या, म्हणजे पेनड्राइव्ह लावल्यानं ते बदलणार नाही. बॅकअपची वेळ रात्री दोनची असेल आणि कॉम्प्युटर तेव्हा बंद असेल तर ती वेळ बदला. फाइल हिस्टरीत ड्राइव्ह पुन्हा निवडा. टाइम मशीनमध्ये यादीतून काढून पुन्हा जोडा. काढल्यानं ड्राइव्हवरचे जुने बॅकअप पुसले जात नाहीत. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकणं हा अगदी शेवटचा उपाय.

## टप्पा ८: परत आणून बघा

हा टप्पा जवळजवळ कोणीच करत नाही. पंधरा मिनिटांचं काम आहे.

1. तीन फाइल्स निवडा: सगळ्यांत जुनी, सगळ्यांत मोठी, आणि गेल्या आठवड्यात बदललेली एक.
2. त्या बॅकअपमधून एका नव्या, रिकाम्या फोल्डरमध्ये परत आणा. मूळ जागी आणू नका. बॅकअपमधली प्रत खराब निघाली तर चांगली फाइल तिच्याखाली पुसली जाईल.
3. प्रत्येक फाइल उघडा. व्हिडिओ असेल तर शेवटच्या मिनिटावर नेऊन बघा, कारण अर्धवट कॉपी झालेला व्हिडिओसुद्धा सुरुवातीला नीट चालतो.
4. साध्या कॉपीनं बॅकअप घेत असाल तर मूळ आणि प्रत दोन्ही फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये फाइल्सची संख्या आणि 'साइझ' जुळवा. 'साइझ ऑन डिस्क' जुळेलच असं नाही, तो फॉरमॅटप्रमाणे बदलतो. फाइल हिस्टरीत जुन्या आवृत्त्या असल्यामुळे आकडे जुळणार नाहीत, तिथे फाइल्स उघडूनच बघा.
5. बॅकअपला पासवर्ड असेल तर ड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेऊन तो टाकून बघा. आपल्या कॉम्प्युटरनं तो आठवणीत ठेवलेला असतो, त्यामुळे तुमच्या आठवणीत आहे का हे घरी कळत नाही.

सगळं उघडलं की ड्राइव्ह 'इजेक्ट' करून काढा. 'वापरात आहे' म्हणून नकार आला तर ओढू नका, कॉम्प्युटर बंद करा आणि मग काढा. ड्राइव्ह कायम जोडून ठेवू नका. फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस आला तर जोडलेला ड्राइव्हही त्याच्या तावडीत सापडतो. जमेल तेव्हा दुसरा ड्राइव्ह घ्या आणि दोन्ही आलटून पालटून वापरा, एक घराबाहेर विश्वासाच्या ठिकाणी राहू द्या.

ड्राइव्हच्या डबीवर कागदाची पट्टी चिकटवा आणि त्यावर फाइल्स परत उघडून बघितल्याची तारीख लिहा. ती तारीख तीन महिन्यांपेक्षा जुनी दिसली की टप्पा ८ पुन्हा करा.